भिंतीतल्या फ्लश टाकीची गळती: टाइल फोडायच्या आधी हे करून बघा

भिंतीत लपवलेली टाकी गळायला लागली की पहिली भीती हीच, की आता टाइल फोडाव्या लागणार. कमोडमध्ये सतत बारीक धार येत असेल तर बहुतेक वेळा तशी वेळ येतच नाही, फ्लशच्या बटणाची प्लेट काढली की मागे जी चौकोनी खिडकी दिसते तिच्यातूनच सगळं काम होतं, ती ठेवलेलीच त्यासाठी असते.

खात्री नसेल तर फ्लश करून अर्धा तास थांबा, कमोडची आतली मागची बाजू पुसून घ्या आणि तिथे टिश्यू पेपर चिकटवा. ओला झाला म्हणजे टाकीतूनच येतंय.

प्लेट काही ठिकाणी वर सरकवून निघते, काही ठिकाणी कडेला छोटा स्क्रू असतो, काही नुसत्या क्लिपवर असतात. जोर लावू नका, प्लास्टिक आहे. आणि हो, त्याआधी कमोडचं झाकण खाली करा, स्क्रू नेमका आतच पडतो. मागे बटणाचे दांडे आणि एक संरक्षक पत्रा असतो, काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठला दांडा कुठे होता ते नंतर अजिबात आठवत नाही.

आता खरं महत्त्वाचं, आणि लोक हेच न बघता सरळ नवीन पार्ट आणायला पळतात. टॉर्च मारून आत बघा. मधे एक उभी पोकळ नळी असते, ओव्हरफ्लोची. पाणी तिच्या तोंडापर्यंत चढून आत पडत असेल तर दोष टाकी भरणाऱ्या व्हॉल्वचा. पाणी खाली असेल तर आतला छोटा कॉक बंद करा, पातळीपाशी पेन्सिलने खूण करा आणि थोड्या वेळाने बघा, पातळी उतरली तर तळाचं सील (रबरी वायसर) गेलंय किंवा त्याखाली काहीतरी अडकलंय.

सील असेल तर कॉक बंदच ठेवून फ्लश करून टाकी रिकामी करा. बटणाखालचा ब्रॅकेट काढला की मधला फ्लश व्हॉल्व थोडा फिरवून किंवा क्लिप दाबून वर येतो. खिडकी लहान असल्यामुळे काही व्हॉल्व अख्खे निघत नाहीत, वरची नळी वेगळी करून मग तुकड्यातुकड्यात काढावे लागतात, त्यामुळे अडला म्हणून ओढाताण नको. खाली जे रबरी वायसर आहे ते, आणि टाकीच्या तळाला ते जिथे बसतं ती कडा, दोन्ही बोटाने चाचपून बघा. क्षाराची खरखर लागली तर व्हिनेगर लावून ठेवा आणि मऊ कापडाने पुसा, घासणी नको, चरे पडले की नवीन सीलसुद्धा गळणार. वायसर कडक किंवा वाकडं झालं असेल तर बदलाच, जुनं सोबत नेऊन त्याच मापाचं घ्या. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

भरणारा व्हॉल्व असेल तर कॉक चालू ठेवून फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) हाताने वर उचला. पाणी थांबलं तर फक्त पातळी जास्त आहे, फ्लोटचा स्क्रू फिरवून ती ओव्हरफ्लोच्या खाली आणा. थांबलं नाही तर कॉक बंद करून व्हॉल्वची टोपी उघडा, आतल्या रबरी पडद्यात बऱ्याचदा वाळूचा एखादा कण सापडतो, धुवून परत बसवा. पडदाच फाटला असेल तर नवीन.

सगळं ठीक असूनही धार थांबत नसेल तर बटणाचे दांडे बघा. ते जास्त लांब सेट झाले तर बटण न दाबताही व्हॉल्व किंचित उचललेला राहतो. दांडा फिरवून थोडा आत घ्या, बटणाला जरा ढिलाई हवीच. आणि टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर सोडा, रबर लवकर खराब होतं.

पाणी कमोडमध्ये न येता मागून जमिनीवर येत असेल, तेही फक्त फ्लश केल्यावर, तर वरचं काही उपयोगाचं नाही, तिथे भिंतीतला पाइप कमोडला जिथे जोडतो तिथलं सील गेलेलं असतं आणि कमोड पुढे ओढावा लागतो. फ्लश न करताही भिंत ओली राहत असेल तर मेन कॉक बंद करून प्लंबरला बोलवा.