गावचं मंडळ एकाच घरात अडकू नये म्हणून: या चुका टाळा

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूर, आज या गावची तर उद्या त्या गावची. दिवसा बाजार, दंडार आणि खडी गंमत हे आमच्याकडचे लोकनाट्याचे खेळ, आणि रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं नाटक. लेकी-जावई, सोयरे, पुण्या-नागपुरात कामाला गेलेली पोरं, सगळे त्या दिवशी गावात असतात. वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपनीशी करार करणं, मंडप टाकणं, तिकिटं विकणं, उरलेल्या पैशातून देवळाचं नाहीतर शाळेचं काम करणं, हे सगळं गावातलं मंडळ करतं. साकोली तालुक्यातल्या अशाच एका मंडळात मी अनेक वर्षं काम करतो. इथे ज्या चुका लिहितो आहे त्यातल्या बऱ्याच आमच्या हातूनच झालेल्या आहेत.

पेटी कोणाच्या घरी आहे?

मंडळाची तब्येत ओळखायला हा एक प्रश्न पुरतो. आमची पेटी, तबला-डग्गा, पडदे, सतरंज्या, हिशेबाची वही, सगळं अध्यक्षांच्या घरी असायचं. माणूस प्रामाणिक, मंडळासाठी घरचं खाऊन राबणारा. एका वर्षी ते मुलाकडे नागपूरला गेले आणि आजारपणामुळे चार महिने तिथेच राहिले. घराला कुलूप, किल्ली त्यांच्याजवळ. ते परत आले तेव्हा उंदरांनी पेटीचा भाता कुरतडून टाकला होता. सूर धरला की नुसती हवा सुटायची. त्या मंडईला पेटी शेजारच्या गावातून मागून आणावी लागली. चोरी कोणी केली नव्हती, भांडण झालं नव्हतं. एक माणूस गावाबाहेर गेला आणि मंडळच बंद पडलं.

यावर उपाय सोपा आहे, फक्त मनावर घ्यावा लागतो. मंडळाच्या वस्तूंची यादी करा. त्या समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत ठेवा आणि किल्ल्या दोन घरांत द्या. पेटी न्यायची तर रजिस्टरवर सही करायची, अध्यक्षानेसुद्धा. पुढचा सचिव आधीच निवडून त्याला वर्षभर जुन्या सचिवासोबत फिरवा: करार करताना, मंडपवाल्याशी बोलताना, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देताना. ही कामं सांगून समजत नाहीत, बघून समजतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली गेले. तरी आमच्याकडे कितीतरी गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. जो आधी येतो तो सतरंजी अंथरतो, ज्याला येतं तो खंजेरी घेतो. ते कोणा एकाच्या अंगावर ठेवलेलं काम नाही, म्हणूनच ते टिकलं, असं मला मनापासून वाटतं.

कागदावर मेलेली माणसं

ही चूक दिसत नाही, पण सगळ्यात महाग पडते. संस्था नोंदणीच्या 1860 च्या कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदवतात आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खालीही नोंद होते. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं आणि पुढे वीस वर्षं कोणी फाइल उघडत नाही. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. तो दिलाच जात नाही. मग एखादं अनुदान यायचं असतं, बँक म्हणते नोंदीतल्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणा, आणि नोंदीतले तिघे केव्हाच वारलेले असतात.

असं अडकलं असेल तर आधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून नोंदवहीच्या उताऱ्याची नक्कल काढा. आज कागदावर कोण आहे ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग जिथे नोंद थांबली तिथपासून क्रमाने बदल अर्ज द्या. सोबत सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या लोकांची संमतीपत्रं, वारलेल्यांचे मृत्यू दाखले आणि उशीर माफ करण्याचा अर्ज लावा. जुन्या तारखा टाकून इतिवृत्त मात्र लिहू नका. घाईत पुष्कळ मंडळं हेच करतात आणि मग गावातलाच कोणी हरकत घेतो. झाला तो उशीर कबूल करणं कधीही बरं.

“मागच्या सालचे उरले का?”

एका वर्षी नाटकाची तिकिटं चांगली गेली, पैसे उरले आणि आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. लपवायचं नव्हतं, सांगायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी वर्गणीला फिरताना एका आजीने पदराची गाठ सोडून वीस रुपये दिले आणि विचारलं, “मागच्या सालचे उरले का रे पोट्टेहो?” आम्ही पाच जण होतो. एकालाही उत्तर देता आलं नाही. बाहेर पडल्यावर आमच्यातला एक म्हणाला, “हिसाब कोनाले द्याचा बाप्पा, मंडळ आपलंच त हाये.” मला तेव्हाच कळलं की आपलं काय चुकतं आहे. मंडळ त्या आजीचंही होतं.

तेव्हापासून मंडईनंतर आठ दिवसांच्या आत जमाखर्चाचा कागद पारावर लावतो. कंपनीला किती दिले, मंडपाला किती, किती उरले, सगळं त्यावर असतं. कोणी दोन पायल्या धान दिलं तर त्याचीही पावती फाडतो. आता नवी चूक सुरू झाली आहे: वर्गणीचा क्यूआर कोड अध्यक्षाच्या स्वतःच्या खात्याचा. माणूस कितीही सरळ असो, हे करू नका. घरखर्च आणि वर्गणी एका खात्यात मिसळली की हिशेब त्याला स्वतःलाही लागत नाही.

सत्कारात गेलेली रात्र

नाटक दहाचं, पण पडदा उघडतो साडेअकराला. मधल्या वेळात हार, नारळ, भाषणं. तोवर पुढच्या रांगेतली लेकरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात आणि आत नट रंग लावून ताटकळत बसलेले असतात. पाहुण्यांचा मान ठेवा, पण तो दुपारीच ग्रामपंचायतीत उरका. आणखी एक, मंडपावर एकाच पक्षाच्या नेत्यांचे फलक लागले की दुसऱ्या आळीतली माणसं हळूहळू यायची थांबतात. ती भांडत नाहीत, नुसती येत नाहीत.

बाया फक्त रांगोळीला?

आमची सभा रात्री नऊला पारावर व्हायची. त्या वेळी कोणती बाई येणार? आणि आम्हीच म्हणायचो, बायांना रस नाही. आता सभा दुपारी अंगणवाडीत होते आणि कोषाध्यक्ष बचत गटातल्या एक वहिनी आहेत. जमाखर्चाचा कागद आठ दिवसांत लागतो तो त्यांच्यामुळे.

याहून महत्त्वाची गोष्ट स्टेजमागची आहे. दंडारीत, गंमतीत बाईचं काम पुरुषच करायचे, पण आज झाडीपट्टीच्या नाटकात स्त्री कलावंत रात्र-रात्र उभ्या असतात. कपडे बदलायला आडोशाची, दाराला कडी असलेली खोली, स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि प्रयोग संपल्यावर गाडीपर्यंत सोबत, ही आयोजक मंडळाची जबाबदारी आहे. कंपनी बघून घेईल असं म्हणू नका. त्या आपल्या गावात आलेल्या आहेत, एवढं कारण पुरे आहे.

तारखेचंही असंच. धान कापणी-चुरणीच्या ऐन दिवसांत तालीम ठेवली आणि पोरं आली नाहीत तर पोरांना बोल लावू नका. पश्चिमेकडे, वऱ्हाडात, कापूस वेचणीचं तेच आहे.

गर्दी मोजली, बाकी काहीच नाही

मंडळाने गावाला काय दिलं हे सांगताना आपण फक्त तिकिटं किती फाटली ते सांगतो. एक वेगळी वही घाला. यंदा पहिल्यांदा कोण स्टेजवर उभं राहिलं? कोणाकडून दंडारीची कोणती गाणी उतरवून घेतली? ढोलकी कोणी कोणाला शिकवली? अनुदानाच्या अर्जात हेच लिहायला लागतं आणि गावालाही हेच ऐकायला आवडतं.

या वहीची किंमत मला उशिरा कळली. 2023 साली झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे फटाके फुटले. त्यानंतर काही दिवसांनी आमच्याच गावातले, उभं आयुष्य दंडारीत नाचलेले एक काकाजी माझ्याकडे आले. ज्येष्ठ कलावंतांना शासनाचं मानधन मिळतं, आता ते महिन्याला 5,000 रुपये आहे. त्यासाठी कलेची सेवा किती वर्षं केली याचे पुरावे लागतात. मंडळाने एकही हँडबिल जपलं नव्हतं, एकही फोटो नव्हता, कोणत्या वर्षी कोणी काम केलं याची ओळसुद्धा नव्हती. दोन दिवस घरोघर फिरलो. शेवटी एका म्हातारीच्या लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं जुन्या मंडईचं हँडबिल निघालं. खाली बारीक अक्षरात काकाजींचं नाव होतं. कागद फाटेल म्हणून आम्ही तो काढला नाही. ती अख्खी पेटीच सायकलवर बांधून झेरॉक्सच्या दुकानात नेली.