ध्रुव हलतो का? अर्धा इंची पाइप लावून बघा

प्लंबिंगच्या कामातून उरलेले पाइपचे तुकडे आमच्या गच्चीवर पडून असतात. मागच्या एप्रिलात मुलीने विचारलं, "बाबा, सगळे तारे फिरतात, मग ध्रुवच का नाही फिरत?" तेव्हा त्यातलेच दोन कामी आले. अर्धा इंची, तीन-तीन फुटांचे, सरळ. शिवाय सुतळी, चार विटा आणि प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. एवढं पुरतं.

आधी ध्रुव सापडायला हवा. तो सगळ्यात तेजस्वी असतो असं समजून लोक भलत्याच ताऱ्याला हात जोडतात. प्रत्यक्षात तो बेताचाच आहे. एप्रिलात रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहापासून क्रतूपर्यंत रेघ धरा आणि तशीच पाचपट पुढे, म्हणजे खाली, न्या. तिथे एकटा दिसतो तो ध्रुव. नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी नसतात. तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी 'एम'सारखा आकार वर असतो, त्याच्या खाली शोधा.

खात्री करायची तर हात ताणून वीत धरा. करंगळी क्षितिजाला टेकवली की अंगठा ध्रुवाच्या आसपास येतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुवही इथे साधारण साडेअठरा अंशांवर. नागपूरला एकवीसच्या वर, पणजीला साडेपंधरा. लंडनला तो एकावन्नच्या पुढे चढतो, आणि सिडनीहून दिसतच नाही.

आता एक पाइप खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधा, खाली विटा लावा आणि ध्रुव बरोबर मधोमध येईल असा बसवा. दुसरा तसाच क्रतूवर रोखा. गच्चीवरचा दिवा घालवा, नाहीतर पाइप आतून चकाकतो. क्रतू पाचेक मिनिटांतच पाइपबाहेर गेला. मुलगी ओरडलीच, "पळाला!" ध्रुव मात्र अकरा वाजताही जागेवर.

कारण पळतो क्रतू नाही, फिरतो आपण. पृथ्वी आसाभोवती तासाला पंधरा अंश फिरते, आणि तो आस उत्तरेकडे लांबवला तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. मळणीच्या खळ्यात मेढीजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल जागच्या जागी वळतो, कडेचा मात्र पळून पळून दमतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला हीच मेढीची उपमा दिली आहे. बैल आणि मेढ आमच्या मुलीने पाहिलेले नाहीत, म्हणून तिला छत्री उघडून दांडा फिरवून दाखवला.

आम्ही पाइप तसाच ठेवून झोपलो. पहाटे चारला पाणी सोडायला उठलो, सहज डोळा लावला, तर पाइप रिकामा. ध्रुव नाही! मला वाटलं, मांजराने धक्का दिला. दुसऱ्या रात्रीही तेच झालं, तेव्हा लक्षात आलं की चूक पाइपची नाही. ध्रुव नेमका आसावर नाही, सध्या त्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे. म्हणजे तोही रोज एक छोटं वर्तुळ काढतो, साधारण अडीच पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. डोळ्याला कळत नाही, अर्धा इंची पाइपला कळतं.

आणि हे अंतर कायमचंही नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे 26,000 वर्षांची. पिरॅमिड बांधले जात होते त्या सुमारास आसाजवळ ठुबान नावाचा तारा होता. आताचा ध्रुव 2100 च्या आसपास सगळ्यात जवळ येईल, मग लांब जाऊ लागेल. आणखी बाराएक हजार वर्षांनी ध्रुवताऱ्याचा मान अभिजित ताऱ्याकडे जाईल, पण अभिजित आसाच्या इतका जवळ येणार नाही.

एक करा, पाइप बसला की विटेवर त्याच्या दोन्ही कडांना पेन्सिलने खुणा करा. आम्ही केल्या नव्हत्या, म्हणून मांजराला फुकट बोलणी बसली.