मारुती ८००: टाय रॉड एंड बदलताना

मारुती ८००चं उत्पादन १९८३च्या डिसेंबरात सुरू झालं आणि २०१४च्या जानेवारीत थांबलं. म्हणजे रस्त्यावरच्या शेवटच्या ८००चं रबरही आता म्हातारं झालंय. टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा (टाय रॉड) चाकाला जोडणारा बॉलचा सांधा, झिजला की खटखटतो. या गाडीत रॅक-पिनियन (दातेरी दांडा आणि छोटं दातेरी चाक) स्टिअरिंग आहे, त्यामुळे बाहेरचे टाय रॉड एंड दोनच, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. काम अर्ध्या दिवसाचं, घरी जमण्यासारखं. फसतं ते शेवटच्या टप्प्यात, खटखट थांबल्यावर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) न करता गाडी तशीच पळवली की.

आधी एंडच गेलाय ना, ते पाहा. चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे झटपट हलवायला सांगा आणि खाली सांध्यावर हात ठेवा. एंड गेला असेल तर टक्-टक् बोटांना लागते. मग गाडी उचलून चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आडवं धरून हलवा. इथे ढिलाई आली तर एंड किंवा रॅक एंड (दांड्याचा आतला सांधा). बारा आणि सहाला आली तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघायचा. रॅक एंड बेलोजच्या, म्हणजे घड्यांच्या रबरी नळीच्या आत असतो. बेलोज बाहेरून चिमटीत धरून चाक हलवलं की तिथली ढिलाई कळते. ही तपासणी वगळून एंड बदलणारे बरेच, आणि नंतर आवाज जसाच्या तसा.

बूट, म्हणजे सांध्यावरची रबरी टोपी, फाटला असेल तर ढिलाई नसली तरी एंड बदलाच. एका पावसाळ्यात चिखलपाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं आणि बॉल गंजतो. नुसता बूट नवा घालून आतली माती बाहेर येत नाही.

दुकानात नवा एंड हातात घेऊन स्टड (बॉलमधून बाहेर आलेला आट्यांचा निमुळता दांडा) सगळीकडे फिरवून पाहा. तो घट्ट पण एकसारखा फिरायला हवा. सैल लोंबकळत असेल किंवा मध्येच अडत असेल तर परत द्या. जुना नमुना सोबत न्या आणि आटे, लांबी, स्टडची जाडी जुळवा. दोन्ही बाजूंचे एकदम घेतलेले बरे, कारण अलाइनमेंटचे पैसे एकदाच पडतात.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओंडके लावा, चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. मग जॅकने उचलून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि अर्धा तास थांबा.

आता क्रम महत्त्वाचा. स्टड नकलमध्ये (चाकामागच्या वळणाऱ्या भागात) घट्ट बसलेला असतानाच चेक नट, म्हणजे एंडला दांड्यावर जखडणारा नट, पाव फेरा सैल करा. सांधा आधी सुटला की एंड हातात गोल फिरतो आणि चेक नट हलत नाही. एंडला एक पाना, नटाला दुसरा. चेक नट सैल करण्यापूर्वी तो दांड्यावर कुठे होता तिथे पांढऱ्या रंगाची खूण करा. स्टडच्या मध्यापासून दांड्यावरच्या एका पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

स्प्लिट पिन काढा. कॅसल नट (स्टडवरचा खाचांचा नट) सैल करून स्टडच्या टोकाशी समपातळीत ठेवा, पूर्ण काढू नका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. पुलर (सांधा ओढून सोडवणारं हत्यार) लावून ताण द्या. नसेल सुटत तर नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसतो त्याच्या बाजूवर हातोडीचा एक दणका, पलीकडून दुसरी जड हातोडी टेकवून. डोळा क्षणभर वाकतो आणि निमुळता स्टड फटकन निसटतो. स्टडच्या टोकावर ठोकत बसलात तर फक्त आटे जातील. गॅसची ज्योत लावू नका.

एंड आट्यांवरून काढताना फेरे मोजा, अर्धा फेरासुद्धा. नवा तितकेच फेरे चढवा, पण त्यावर थांबू नका. नव्याची लांबी वेगळी असू शकते, म्हणून लिहिलेलं अंतर पुन्हा मोजा. आट्यांना थोडं ग्रीस चालेल, निमुळत्या भागाला मात्र अजिबात नाही. स्टड आणि डोळा कोरड्या फडक्याने पुसूनच बसवा. नट घट्ट करताना स्टडच फिरत असेल तर तो डोळ्यात दाबला जाईल असा पहारीने दाब द्या, निमुळता भाग पकडतो.

कॅसल नटाला सुझुकीच्या या छोट्या गाड्यांत ३० ते ५५ न्यूटन-मीटर ताण देतात. ३०पासून सुरू करा आणि खाच छिद्राशी जुळेपर्यंत आणखी आवळा. पिन बसावी म्हणून नट मागे फिरवायचा नाही. स्प्लिट पिन नवीच. जुनी सरळ करून पुन्हा वापरली की ती मोडते. काही एंडसोबत नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) येतो, तो एकदाच वापरायचा. चेक नट आवळताना सांधा मधोमध उभा ठेवा. तिरका राहिला तर चाक पूर्ण वळताना स्टड कडेला अडतो. दांडा फिरवला असेल तर बेलोजला पीळ पडलेला असतो. बाहेरची क्लिप सैल करून तो सरळ करा, नाहीतर तो तिथेच फाटतो.

चाक चढवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना ते बघा. त्यानंतर थेट अलाइनमेंट. दांड्याची लांबी मिलिमीटरभर बदलली तर रिमच्या काठावर दुप्पट-तिप्पट फरक दिसतो. चाकं पुढून फाकलेली असली की टायर आतून खाल्ला जातो, आत वळलेली असली की बाहेरून. स्टिअरिंग वाकडं दिसलं तर स्टिअरिंगचं चाक काढून सरळ लावू नका. अलाइनमेंटवाल्याकडून दोन्ही बाजूंचे दांडे सारखेच, पण उलट दिशेने फिरवून घ्या.

पुढे दर दहा हजार किलोमीटरला किंवा टायर अदलाबदलीच्या वेळी बूट बघत जा. या एंडला सहसा ग्रीस निपल नसते. सुईने ग्रीस भरणं म्हणजे बुटाला भोक पाडणं. सर्व्हिसिंगला गाडीखाली डिझेलचा फवारा मारायला द्यायचा नाही, त्याने रबर फुगून मऊ पडतं. नवे एंड बसवून अलाइनमेंट झाल्यावर चेक नट आणि दांड्यावर मिळून रंगाची एक रेघ मारा. पाचशे किलोमीटरनंतर एकदा खाली वाकून ती रेघ सरळ आहे का आणि स्प्लिट पिनचे दोन्ही पाय वाकलेले आहेत का, ते तपासा.