शेजारचे पाणी परसात शिरले? या चुका टाळा

परसात घोटाभर पाणी दिसले की हात आधी फावड्याकडे जातो, नाहीतर तोंड गडग्यापलीकडे वळते. दोन्ही नंतर. आधी विहिरीच्या पंपाचा आणि बागेतल्या दिव्यांचा एमसीबी घरातून, कोरड्या जागी उभे राहून खाली पाडा. मग एकच प्रश्न सोडवा: हे पाणी कसले? टाकीचे, छपराचे, स्विमिंग पूलचे की सेप्टिक टँकचे? बहुतेक नुकसान हा प्रश्न वगळून कामाला लागल्यामुळे होते, कारण चारही पाण्यांवरचे उपाय वेगळे आहेत आणि तक्रारीची जागाही वेगळी.

पाणी न ओळखताच उपसायला घेणे

वेळ पाहा. नळ येण्याच्या वेळी किंवा पंप चालू असतानाच पाणी येत असेल तर शेजारची टाकी भरून वाहते आहे. बहुधा बॉल कॉकचा (टाकी भरली की नळ बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या झडपेचा) वॉशर झिजलेला असतो किंवा फ्लोटमध्ये पाणी शिरलेले असते. काम किरकोळ आहे, पण तोपर्यंत होणारी नासाडी किरकोळ नसते. ओव्हरफ्लोच्या धारेखाली १५ लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली तर तासाला १८०० लिटर पाणी तुमच्या बागेत येते. हा आकडा लिहून ठेवा, बोलताना उपयोगी पडतो.

फक्त पावसातच येते ते छपराचे किंवा उताराचे. १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होते, आणि जुलैत आपल्या गोव्यात असा दिवस काही नवलाचा नसतो. फेस येत असेल तर वॉशिंग मशीनचे. पूलच्या पाण्याला बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या धारेने धुण्याच्या) दिवशी क्लोरिनचा वास येतो. पूलच्या चाचणी किटमधले थेंब टाकले की पिवळा रंग दिसतो. करडे, कुजका वास असलेले आणि पाऊस नसतानाही जमीन ओली ठेवणारे पाणी सेप्टिक टँकचे किंवा त्याच्या शोषखड्ड्याचे समजून चाला. शेजारी तयार असेल तर त्याच्या शौचालयात खाण्याचा गडद रंग ओतून फ्लश करायला सांगा. रंग तुमच्याकडे उगवला तर वाद मिटला. उगवला नाही म्हणून मात्र टँक निर्दोष ठरत नाही, मातीतून झिरपताना रंग अडकून राहू शकतो.

सांडपाण्यात अनवाणी उतरणे

गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायावरची बारीक जखम त्याला पुरते. सांडपाणी लागलेली तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर धुऊन खायच्या भानगडीत पडू नका, उपटून टाका. नारळ, फणस यांना धोका नाही, पण खाली पडलेले फळ उचलू नका.

विहीर जवळ असेल तर तीच पहिली चिंता. जांभ्याच्या भेगांतून पाणी फारसे गाळले न जाता पुढे सरकते. गळती थांबल्यावर विहीर उपसा, भरू द्या, मग ब्लीचिंग पावडर टाका: १००० लिटरला २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल तर साधारण ९४०० लिटर पाणी, म्हणजे २४ ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि निदान तासभर थांबा. उघडी पडून राहिलेली जुनी पावडर निकामी झालेली असते. गळती चालू असताना हा सगळा उपचार व्यर्थ आहे. तोवर त्या विहिरीचे पाणी पिऊ नका आणि नंतरही तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

पूलच्या पाण्याचे भय लोक उगाच फार घेतात. एकदा आलेले साधे क्लोरिनचे पाणी उन्हात एक-दोन दिवसांत निवळते. मिठावर चालणारा पूल असेल तर गोष्ट वेगळी: त्यात लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ असते आणि मिरची, चवळीच्या पानांच्या कडा करपतात. दर चौरस मीटरला १५० लिटर गोडे पाणी थोडे थोडे करून झिरपवले तर वरच्या फूटभर मातीतले साधारण निम्मे मीठ खाली जाते. पावसाळ्यात हे काम आभाळच करते. निचरा नसेल तर मात्र कितीही पाणी घातले तरी मीठ जागच्या जागी.

मलूल झाड पाहून पाणी किंवा खत घालणे

मुळे बुडाली की त्यांना हवा मिळत नाही, ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि भर पाण्यात उभे असलेले झाड तहानल्यासारखे माना टाकते. अशा वेळी युरिया म्हणजे उरलेल्या मुळांवर घाव. नवी पालवी फुटेपर्यंत खत बंद. ओल्या मातीत चालू नका, खणू तर मुळीच नका. मातीचा गोळा करून बोटाने दाबा. फुटला तर काम सुरू करा, चपटा झाला तर थांबा.

पपई सगळ्यात नाजूक. मुळे दोन दिवस पाण्यात राहिली तर ती बहुधा हातची जाते. अळू, कर्दळ, केवडा मजेत असतात आणि माडही काही दिवस सोसतो. आले, हळद यांचे कंद मऊ पडून कुजतात. मिरीच्या वेलाकडे विशेष लक्ष द्या: बुंध्याशी पाणी राहिले की फायटोफ्थोरा बुरशीने वेल पाहता पाहता सुकतो. आळी फोडून पाणी वाट करून बाहेर काढा, वेलाच्या बुंध्याला मातीची भर द्या आणि पाऊस उघडला की एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारा.

१० लिटर बोर्डोसाठी मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. लोखंडी सुरीचे पाते बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालायचा असेल तर त्याच आठवड्यात नको, तांबे त्या बुरशीलाही मारते.

भिंतीची भोके बुजवणे

ही चूक सगळ्यात महागात पडते. शेजाऱ्याने प्लॉटमध्ये भराव घालून जमीन वर उचललेली असते आणि मधल्या चिऱ्याच्या भिंतीतून पाइपांतून पाणी पडते. दिसले भोक की मारले सिमेंट! पण ते पाणी जाणार कुठे? भिंतीमागे मीटरभर पाणी साचले की तळाशी चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो, आणि भिंत पडते ती तुमच्याच बाजूला. भिंतीला पोट आले असेल किंवा आडवी भेग दिसली असेल तर तिच्याखाली काम करू नका, मुलांना तिथे खेळू देऊ नका.

भोके उघडी ठेवा आणि पायथ्याचे पाणी चरातून न्या. चर भिंतीपासून निदान ६० सेंटिमीटर दूर आणि पायाच्या तळापेक्षा उथळ असू दे, नाहीतर पायाच उघडा पडेल. रुंदी ३० सेंटिमीटर, खोली ४५. उतार मीटरमागे १ सेंटिमीटर; तो डोळ्यांनी ठरवू नका, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. चराला आतून जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारे, माती अडवणारे), तळाला २० मिमी खडी, त्यावर ११० मिमीचा भोके पाडलेला पीव्हीसी पाइप, भोके खालच्या अंगाला, वर पुन्हा खडी, आणि कापडाची टोके वरून दुमडून घ्या. कापड वाचवले तर तांबडी माती दोन पावसाळ्यांत पाइप बुजवते.

पाण्याचा शेवट कुठे? एक मीटर लांब-रुंद आणि १.२ मीटर खोल शोषखड्डा मोठा वाटतो, पण दगडांनी भरल्यावर त्यात जेमतेम ४८० लिटर पाणी राहते. वरचा १०,००० लिटरचा हिशोब आठवा. म्हणून खड्ड्याला ओव्हरफ्लो हवाच, तो व्हाळाकडे (ओढ्याकडे) किंवा पंचायतीच्या परवानगीने रस्त्याच्या गटाराकडे. सांडपाणी मात्र तिथे सोडायचे नाही. जांभ्याखाली शेडी (चिकण माती) लागली तर खड्डा पाणी पीतच नाही. खणण्याआधी फूटभर खोल भोक करून पाण्याने भरा आणि किती उतरते ते तासाभराने पाहा. खाजनाच्या (खाडीला बांध घालून केलेल्या सखल शेताच्या) काठी पावसाळ्यात भूजल हातभरावर असते, तिथे शोषखड्ड्याचा खर्च करू नका, वाफेच उंच करा. आणि पाणी पलीकडच्या तिसऱ्याच्या परसात ढकलू नका. उद्या तो तुमच्या दारात उभा राहील, आणि त्याचेच बरोबर असेल.

भांडण आधी, पुरावा नंतर

उतारावरून आपोआप येणारे पावसाचे पाणी खालच्या जमिनीने सोसायचे, हे जुने तत्त्व आहे. पाइपने, पन्हळीने किंवा भराव घालून गोळा करून तुमच्यावर सोडलेल्या पाण्याला ते लागू होत नाही. त्यामुळे व्हिडिओत पाणी पडताना स्रोतही दिसू द्या, नुसते डबके नको. मग जाऊन सांगा, ‘काका, रात्री टाकी वाहते, एकदा बघता का?’ बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते, कारण वाहती टाकी घरच्यांना ऐकूच येत नाही.

बंगला बंद आणि मालक परगावी, हे तर आता गावोगावी. केअरटेकरचा नंबर पावसाळ्याआधीच घेऊन ठेवा. वाहत असले तरी फाटक ओलांडून वॉल्व्ह स्वतः फिरवू नका, पुढे काही मोडले तर बोट तुमच्याकडे.

ऐकलेच नाही तर लेखी अर्ज द्या: पंचायतीला, शहरात पालिकेला. सेप्टिक टँकचे पाणी असेल तर आरोग्य केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्याकडेही, गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली. सखल जागेत भराव घातला असेल तर नगर आणि ग्रामनियोजन खात्याकडे. गोव्याच्या १९७४ च्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्याचे कलम १७-अ त्यासाठीच आहे. अर्जात दोन्ही जमिनींचे सर्व्हे नंबर, तारखा, वेळा आणि फोटो असू द्या, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.

झाडांच्या नुकसानीसाठी विभागीय कृषी कार्यालयातून पाहणी करून घ्या, पण मेलेली पपई उपटून टाकण्याआधी.