मिळून जंगल विकत घेताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईतल्या दहा-बारा मित्रांनी पैसे काढायचे, कर्जत, मुरबाड, मुळशी नाहीतर संगमेश्वरकडचा एखादा डोंगरउतार घ्यायचा आणि तिथे जंगल राखायचं, ही कल्पना काही नवी नाही. नेरळजवळ ‘वनवाडी’त १९९४ साली दोनेक डझन शहरी मंडळींनी मिळून सुमारे ६४ एकर जमीन घेतली आणि तोडून उजाड झालेल्या जागी पुन्हा रान उभं राहिलं. पण विस्कटलेले गटही काही कमी नाहीत. रोपं मेली म्हणून गट मोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मोडतात ते सातबाऱ्यावरून, वर्गणीवरून आणि ‘मला आता बाहेर पडायचंय’ यावरून.

नाव एकाचं, पैसे बाराजणांचे

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ लागू आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि डोंगरावरची हलक्या प्रतीची, वरकस जमीनही कागदोपत्री शेतजमीनच असते. ट्रस्ट किंवा कंपनी काढली म्हणून ही अट चुकत नाही. मग गटात तोडगा निघतो: ‘आपला अमुक शेतकरी आहे ना, त्याच्या नावावर घेऊ, बाकीचे आपापसात लिहून ठेवू.’

हे करू नका. स्टॅम्प पेपरवरचं ते आपापसातलं लिखाण तुमचा हक्क सिद्ध करण्यापेक्षा व्यवहार बेनामी होता हे सिद्ध करायला जास्त उपयोगी पडतं. आणि तो अमुक उद्या गेला, तर सातबाऱ्यावर त्याच्या मुलांची वारसनोंद होते. त्या मुलांनी तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं.

त्यामुळे पहिल्या बैठकीतच प्रत्येकाचा शेतकरी दाखला मागा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी रीतसर परवानगीच्या मार्गाने जावं, नाहीतर मालकीत न येता देखभालीच्या खर्चाला हातभार लावावा. अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या मित्रांचा उत्साह तर सर्वांत मोठा असतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. त्यांचे पैसे घेण्याआधी हे स्पष्ट सांगा, मैत्री टिकेल.

सातबारा वरवर वाचणं

नाव, गट नंबर, क्षेत्र पाहिलं की लोक उतारा मिटवतात. खरी गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. तिथे कुळाचं नाव असू शकतं. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, निघू शकते. मूळ खातेदार आदिवासी असेल, आणि कर्जत-शहापूर-जव्हार पट्ट्यात तो ठाकर किंवा कातकरी असण्याची शक्यता चांगलीच असते, तर महसूल संहितेच्या ३६ व ३६अ कलमांनुसार परवानगीशिवाय झालेला व्यवहार उलटू शकतो. मध्ये दोन खरेदीखतं होऊन गेली म्हणून तो दोष धुऊन निघत नाही. जुने फेरफार काढून मागे मागे जात वाचा. हाताने लिहिलेले, मोडीतले असतील तर वाचणारा शोधा.

सर्वांत फसवी नोंद म्हणजे ‘खासगी वन’. महाराष्ट्राचा खासगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि त्याच्या व्याख्येत बसणारी खासगी वनं शासनाकडे गेली. पन्नासच्या दशकात भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली खासगी रानांच्या मालकांना निघालेल्या नोटिसांवरून किती वर्षं खटले चालले हे विक्रोळीच्या गोदरेज प्रकरणावरून कळतं. नुसती नोटीस काढली होती एवढ्यावरून जमीन खासगी वन ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. तेवढी लढाई लढायची गटाची ऐपत नसते. वनखात्याच्या कार्यालयात गट नंबर देऊन लेखी विचारा आणि उत्तर हातात पडेपर्यंत इसार देऊ नका.

नोंद नसली तरी एक गोष्ट गटातल्या प्रत्येकाला कळू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून मालकी कुणाचीही असो, जे वन आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागतो. म्हणजे दाट रान घेतलं तर तिथे बंगला नाही. ‘एक छोटंसं फार्महाउस बांधू की नंतर’ असं मनात धरून आलेला सदस्य हाच पुढचा वादी असतो. त्याला खरेदीआधीच ओळखावं.

आणि हो, उभी झाडं कुणाची ते विचारा. कोकणात अख्ख्या डोंगराची लाकूडतोड ठेकेदाराला आधीच विकलेली असते, आणि जमीन घेणाऱ्याला ते करवतीचा आवाज आल्यावर कळतं. खरेदीखतात ‘झाडझाडोऱ्यासह’ हे शब्द हवेत, आणि तोडीचा परवाना कुणी काढलाय का याची चौकशीही.

आत यायचं ठरलं, बाहेर पडायचं ठरलंच नाही

बारा नावं सातबाऱ्यावर सामाईक लागतात. प्रत्येकाचा हिस्सा कागदावर असतो, जागेवर नसतो. दहा वर्षांत एकाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागतात, एक वारतो, एकाचं पटेनासं होतं. सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकता येतो आणि वाटपही मागता येतं. ‘कुणीही कधीही विकायचं नाही’ असं करारात लिहून काही होत नाही. अशी सरसकट बंदी न्यायालयात टिकत नाही. दुसऱ्या टोकाला, हिस्से फार लहान असतील तर तुकडेबंदी कायद्यामुळे वेगळे तुकडेही पडत नाहीत. जमीन एकत्र, माणसं कोर्टात.

टिकतो तो पहिल्या नकाराचा हक्क, तोही किंमत कशी काढायची हे आधी लिहिलेलं असेल तरच. विकणाऱ्याने आधी गटाला विचारायचं. गटाने, समजा, ९० दिवसांत घ्यायचं. दर रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरपत्रकावर, काढायचा की दोन मूल्यांककांच्या सरासरीवर, ते ठरवायचं. पैसे किती हप्त्यांत, तेही. हा करार नोंदवा. मृत्युपत्रं करायला लावा. चहा पिताना हा विषय निघाला की सगळे हसतात, ‘आपल्यात कशाला असलं?’ म्हणतात. ज्या गटाला हे लिहायचा संकोच वाटतो, त्या गटाने जमीन घेऊच नये असं माझं मत आहे.

निर्णय कसे घ्यायचे हाही इथलाच प्रश्न. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गावाने खासगी जमिनीही ग्रामदानात, म्हणजे ग्रामसभेच्या मालकीत, दिल्या. तिथला निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचं एकमत होईपर्यंत बसतात. शहरी गटाला प्रत्येक बाबतीत एवढा धीर धरणं जमणार नाही, पण रस्ता, बांधकाम, मोठी तोड आणि विक्री या चार गोष्टींना एकमत आणि बाकी सगळं तिघांच्या समितीकडे, एवढं जमतं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे मत नव्हे, हे मात्र पहिल्याच ओळीत लिहा.

वणव्याचं गणित पावसाळ्यात न मांडणं

गट जुलैत जमीन बघतो. सगळं हिरवंगार, धबधबे, फोटो. त्याच डोंगरावर फेब्रुवारीत गुडघाभर वाळलेलं गवत असतं, आणि एका बिडीवर तीन वर्षांची वाढ जाते.

जाळरेषा नोव्हेंबर-डिसेंबरात काढायची. हद्दीच्या कडेने दहा-पंधरा फूट पट्ट्यातलं गवत कापून ओढायचं आणि पहाटेच्या दवात, दोन्ही बाजूंना हिरव्या फांद्या घेतलेली माणसं उभी करून, थोडं थोडं जाळून घ्यायचं. आग चढाला पळते, म्हणून खालच्या हद्दीची रेषा जास्त रुंद हवी. बहुतेक गट नेमकं उलटं करतात, कारण वरच्या बाजूला पायवाट असते आणि मजूर तिथे सहज पोचतात.

वणवा कोण लावतं, यावर शहरात फार लवकर निकाल दिला जातो. भातशेतकरी उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर राब भाजतो: कवळ (तोडलेल्या डहाळ्या), शेण, गवत, पातेरा यांचे थर, वर माती, आणि आग वाऱ्याच्या उलट दिशेने सरकेल अशी लावायची, म्हणजे सावकाश जळतं. जाणत्या माणसाच्या हातून ते सुटत नाही. वारा फिरला की सुटतं. तुमच्या हद्दीला कुणाकुणाचे राब लागून आहेत त्यांची यादी करा, भाजायच्या दिवशी तुमची दोन माणसं आग झोडपायला पाठवा. तारेच्या कुंपणावर खर्च करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तारेचं कुंपण वाडीच्या पाणंदीवर आलं तर महिनाभरात कापलेलं दिसेल, आणि कापणाऱ्याची बाजू चुकीची नसेल.

राखणदार वाडीतलाच ठेवा आणि पगार दर महिन्याला द्या. त्यासाठी खरेदीच्या वेळीच किमान दोन वर्षांच्या खर्चाची गंगाजळी बाजूला काढा. नंतर वर्गणी गोळा करायला निघालात तर पहिल्या वर्षी बाराजण देतात, तिसऱ्या वर्षी पाच.

लावायची घाई

तोडलेल्या ऐन, किंजळ, जांभळाच्या खुंटांना आपोआप धुमारे फुटतात. आग आणि चराई चार-पाच वर्षं थांबवली की सह्याद्रीचा उतार स्वतःच भरतो. मग जेसीबीने चर खणणं, ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प अशी परकी झाडं लावणं कशाला? जेसीबीने काढलेला रस्ता पहिल्याच पावसात ओढ्यात उतरतो.

आधीच अडकला असाल तर

सदस्य वर्गणी देत नसेल तर भांडू नका. थकबाकी त्याच्या हिश्श्याच्या किमतीतून विक्रीच्या वेळी वळती होईल असा ठराव सर्वांच्या सहीने करा. हद्दीवरून शेजाऱ्याशी वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी मागा, आणि मोजणीच्या दिवशी शेजारी हजर राहील असं बघा. नाहीतर खुणांचे दगड रातोरात हलतात. वारस वाटप मागत असतील तर त्यांना आधी जागा दाखवायला न्या, मग हिस्सा विकत घ्यायचा लेखी प्रस्ताव द्या. आणि जमीन अजून घ्यायची असेल पण कागद जुळत नसतील, तर न घेताही काम होतं. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने जंगलमालकांशी ‘तोडू नका, मोबदला घ्या’ असे संवर्धन करार केले आहेत. मालकी गावाकडेच राहते, धनेश पक्ष्याच्या ढोलीचं झाड उभं राहतं, आणि तुमच्या गटाला कलम ६३ वाचावंच लागत नाही.