स्वतः बांधलेल्या हलक्या गाडीला स्प्रिंग निवडताना आणि शॉक बसवताना

कॅटलॉग उघडण्याआधी गाडी काट्यावर घ्या. चारही चाकांखाली एकेक काटा, सीटवर ड्रायव्हर, टाकी अर्धी. लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या गाडीत पुढच्या एका चाकावर १५० किलो आले असे धरू. चाक, हब, ब्रेक आणि विशबोनचा (चाक चासीला जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्याचा) निम्मा भाग यांचे २५ किलो वजा करा. स्प्रिंगने पेलायचे उरले १२५.

आता मोशन रेशो, म्हणजे चाक जितके हलते त्याच्या किती पट शॉक दबतो ते. स्प्रिंग काढून नुसता शॉक जागेवर लावा, चाक ५० मिमी वर उचला आणि शॉक किती दबला ते मोजा. ३५ मिमी दबला तर रेशो ०.७. शॉकचा तिरपेपणा या मापात आलेलाच असतो, तो पुन्हा धरू नका.

रस्त्यावर चालवायच्या अशा गाडीला पुढे १.६ हर्ट्झ चांगले, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला १.६ वेळा वरखाली होईल अशी लय. ४ × π² × १.६² × १२५ केले की चाकापाशी १२.६ न्यूटन प्रति मिमी लागतात. याला रेशोच्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागा: २५.८. बाजारातली १५० पौंड प्रति इंचाची स्प्रिंग २६.३ भरते, तीच घ्या. वर्ग करायचा राहिला तर उत्तर १८ येते, आणि मग गाडी खड्ड्याखड्ड्यात बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. मागे थोडे जास्त ठेवा, १.८ हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे उंचवटा ओलांडल्यावर गाडी पुढे-मागे डुलत राहत नाही.

लांबी ठरवताना: उभ्या गाडीत ही स्प्रिंग ६७ मिमी दबते. चाक आणखी ७० मिमी वर जाणार असेल तर त्यात ४९ मिळवा, वर १० मिमी राखीव. सुमारे १२६ मिमी दबूनही वेटोळी एकमेकींना टेकता कामा नयेत.

सगळ्यात जास्त मोडतोड मात्र माउंटिंगची होते. बोल्ट नेहमी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये धरा. एकाच बाजूने आधार दिलेला बोल्ट वाकतो आणि आट्यांच्या मुळाशी तडकतो. बोल्ट एम१२ (१२ मिमी जाडीचा), ग्रेड ८.८ मजबुतीचा घ्या, आणि कानांच्या आत आटे नकोत, गुळगुळीत शँकच हवी. ब्रॅकेट चासीच्या ट्यूबांच्या सांध्याला लागून घ्या. ट्यूबच्या मधोमध लावला तर ट्यूबच वाकते.

ब्रॅकेटला आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते ठिपके, मारा. स्प्रिंगशिवाय चाक वरपासून खालपर्यंत हलवून बघा: शॉक कुठे अडकत नाही ना, स्प्रिंगला चारी बाजूंनी ६ मिमी मोकळीक उरेल ना, शॉक तळाला जाण्याआधी बंप स्टॉप लागतो ना. पक्के वेल्डिंग शॉक काढूनच करा. शॉकच्या रॉडवर वेल्डिंगचा एक शिंतोडा चिकटला तरी सील कापली जाते आणि तेल गळू लागते.

सांध्यांतल्या रबरी बुशचे (बोल्टभोवतीच्या रबरी नळीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. जॅकवर लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.