बँकॉकच्या गच्चीवर जेवायला जाताना
लग्नाच्या वाढदिवसाला बँकॉकमधल्या उंच गच्चीवरच्या हॉटेलात जेवायचं ठरवलंय? मेन्यूत किमतीपुढे ‘++’ दिसलं, की आधी हिशोब मांडा. म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ७ टक्के व्हॅट. १००० बाथची डिश ११७७ बाथला पडते. साताऱ्यात कंदी पेढ्यालाही घासाघीस करणाऱ्या आमच्या सौ.नं ते बिल बघून चष्मा काढून पुसला!

हाफ पँट, चपला बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. माझी कोल्हापुरी दारातच अडली, म्हणून बूट न्याच. सूर्य तिथं वर्षभर पावणेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो, तेव्हा टेबल त्याआधीचं मागा. वर वारा भणाणतो. पदराला पिन लावलेली बरी.